डासांना आवडणारा हात

साखरताईला माणसांनी फारशी दाद दिली नाही, डासांनी दिली. चारचौघांत ती बसली असली की डास बाकीच्यांना सोडून तिच्याकडे यायचे. लहानपणी भावंडं तिला मुद्दाम मधोमध झोपवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सुखाची झोप. लग्नानंतर नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात शोध लावला की या बाईशेजारी झोपलं की आपल्याला मच्छरदाणी लागत नाही. त्याने ते कौतुकाने सांगितलं आणि तिनेही तसंच घेतलं. आपल्या या खोडीची पुढे नोकरी होईल, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

नोकरी तशी वेगळीच लागली होती. गावाच्या कडेला झाडपाल्याची तेलं काढणारी एक छोटी कंपनी होती. खालच्या मजल्यावर पानांचे ढीग, वाफेची मोठी पिंपं, नळ्या, बाटल्या. तिथे पानं निवडायला बायका बसत, त्यांत ही एक. वरच्या मजल्यावर डास पाळलेले होते आणि कुठलं तेल त्यांना किती वेळ दूर ठेवतं, ते तिथे तपासत. एका दुपारी वरच्या पिंजऱ्याचं कापड निसटलं आणि डास जिन्याने खाली उतरले. बायका पदर झटकत, किंचाळत बाहेर पळाल्या. साखरताई हातातला पाला संपवायचा म्हणून बसून राहिली. डास सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे डासमामा म्हणत, ओढून घ्यायची नळी तोंडात धरून खाली आले, तेव्हा त्यांचं सगळं बिऱ्हाड तिच्या दोन हातांवर उतरलेलं होतं. मामांनी एकेक डास नळीत ओढून घेतला आणि मग सोनाराने दागिना बघावा तसा तिचा हात उजेडात धरून पाहिला.

"बाई, तुम्ही इथे खाली काय करताय? तुमची जागा वर आहे."

साखरताई हे नावही मामांनीच ठेवलं. रक्त गोड असलं की डास जास्त चावतात, असं मामांचं ठाम मत होतं. वर तेलांच्या चाचण्या घेणाऱ्या मॅडमनी त्यांना किती वेळा समजावलं की डास रक्ताची चव बघून येत नाहीत, कातडीच्या वासावर आणि श्वासावर येतात. मामा मान डोलवायचे, "असेल, असेल," म्हणायचे आणि साखरताईला साखरताईच म्हणायचे. शेवटी मॅडमही तसंच म्हणू लागल्या.

वरची खोली लहान, पांढरी आणि कायम ऊबदार. खिडक्यांना दुहेरी जाळी. टेबलावर जाळीचे चौकोनी पिंजरे, प्रत्येकाच्या तोंडाशी शर्टाच्या बाहीसारखी कापडाची बाही. पंज्यावर जाड हातमोजा चढवायचा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उघडा ठेवायचा आणि बाहीतून आत घालायचा. आधी नुसता. त्यावर भराभरा डास बसले की मॅडम मान हलवायच्या, म्हणजे डासांना भूक आहे, हात चालतोय, चाचणी सुरू. बसलेले डास चावायच्या आत हात हलवून उडवायचे, हात बाहेर घ्यायचा आणि त्यावर तेल लावायचं. मग थोड्याथोड्या वेळाने तो पुन्हा आत. डास घिरट्या घालून माघारी फिरतायत तोवर तेल राखण करतंय. एखादीने धीर करून बैठक मारली आणि सोंड टोचली, की त्या तेलाची वेळ संपली. (एखादीच, कारण चावतात त्या माद्या. मामा त्यांना "माझ्या पोरी" म्हणत.)

झाडांच्या तेलांची गोची इथेच होती. वासाला जोर भरपूर, पण तो उडून जातो. लावल्या लावल्या डास पळतात आणि माणूस निर्धास्त होऊन गप्पा मारत बसला की परत येतात. त्या वर्षी मॅडमनी लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं एक नवं मिश्रण जमवलं होतं. ते अंगावर निवांत, हळूहळू उडावं, अशी खटपट होती. त्यासाठी दोन हात ठरलेले होते. एक साखरताईचा, दुसरा फाटकावरच्या पहारेकऱ्याचा. तो आयुष्यात कधी कुस्ती खेळला नव्हता, पण देहाकडे बघून सगळे त्याला पैलवान म्हणत. मधेच हात बदलले तर आकड्यांचा मेळ बसत नाही, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेच दोन हात हवे होते.

या कामाचे नेम कडक. वासाचा साबण नाही, केसांना वासाचं तेल नाही, पावडर नाही, फूल नाही. डास पळवायचं काहीही, चाचणीच्या आदल्या दिवसापासून अंगाला लावायचं नाही. कंपनी बिनवासाच्या साबणाच्या लाद्या द्यायची. त्याचे तुकडे कापून वापरायचे आणि पिंजऱ्यात हात घालण्याआधी तिथेच, आपापल्या डबीतल्या साबणाने हात धुवायचा. साखरताईच्या घरात नेमाला सगळे सरावले होते. नवरा सुतार, त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास यायचा, तेवढाच काय तो घरातला सुवास. आणि सासूबाई तर साबणाचे झिजलेले तुकडेही टाकू द्यायच्या नाहीत. डब्यात साठवायच्या, मंद आचेवर वितळवायच्या आणि वाटीत ओतून त्याची नवी वडी करायच्या. साखरताईच्या डबीत अशीच गोल, किंचित वाकडी वडी असायची.

सासूबाई आयुष्यभर मोठ्या दवाखान्यात आया होत्या. तापाच्या वॉर्डात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सून कमावते याचा त्यांना अभिमान होता, पण काय करते ते सांगायची वेळ आली की त्या विषय बदलायच्या. शेजारणीने एकदा खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तेलाच्या कंपनीत वरच्या मजल्यावर असते." आणि एवढ्यावरच दार लावून घेतलं.

त्याच वर्षी गावात डासांमुळे पसरणारा ताप आला. कंपनीने प्रत्येकाला घरी वापरायला तेलाची एकेक बाटली दिली. नवं मिश्रण नव्हे, नेहमीचं. साखरताईने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, सकाळी लावा, दुपार कलली की परत लावा, एकदा लावून विसरू नका. नवऱ्याने लावलं. सासूबाईंनी नाक मुरडून लावलं. मग त्यांनी बाटली सुनेपुढे केली.

"मला नाही चालत, आई."

"नाही चालत म्हणजे?"

"लावलं तर पिंजऱ्यात हात कसा घालू? एकही डास बसायचा नाही."

"म्हणजे घरातल्या सगळ्यांनी लावायचं आणि तू तेवढी उघडी?"

"मी पूर्ण बाह्यांचं घालते ना. पायात मोजे घालते."

"दुसऱ्या कुणाचा हात नाही का जगात?"

"आहे की. पण माझ्यासारखा नाही," साखरताई म्हणाली. म्हणताना तिच्या आवाजात जरा दिमाख आला.

सासूबाईंनी तो बरोबर टिपला. "बाई गं, माणसाने कशाचा तोरा मिरवावा, याला काही सुमार!"

नवरा हसला. पण आठवडाभरात समोरच्या शिवणवालीची मुलगी तापाने दवाखान्यात गेली आणि घरातली थट्टा थांबली. सासूबाई तिला बघून आल्या. आल्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत असल्या की घरात कुणाला काळजी वाटत नसे. त्या गप्प झाल्या की मात्र नवराबायको एकमेकांकडे बघायचे.

मुलगी चार दिवसांनी घरी आली, हिंडूफिरू लागली. सासूबाई गप्पच होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी डासांनी साखरताईकडे पाठ फिरवली.

नेहमीप्रमाणे तिने हात धुतला, पुसला, हातमोजा चढवला, हात आत घातला. पोरी उठल्या, हाताशी आल्या आणि दारात नको तो माणूस दिसल्यावर पाहुण्यांनी परतावं तशा परतून जाळीच्या छताला जाऊन बसल्या. एकीने टेकल्यासारखं केलं आणि तीही उडाली. साखरताई वाट बघत राहिली. मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या.

"आज पोरींचा मूड नाही," मामा म्हणाले.

पैलवानाचा हात गेला, तर पोरींनी त्याच्यावर झुंबड उडवली.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. मामांनी पिंजरा बदलला, नव्या पोरी काढल्या, त्यांना आदल्या दिवशी साखरपाणीसुद्धा दिलं नाही, म्हणजे चांगल्या भुकेल्या असतील. पण साखरताईचा हात दिसला की त्यांची भूक मरायची. पैलवान बिचारा अवघडून गेला. "ताई, मी काही मुद्दाम करत नाही हो," म्हणाला. साखरताईला हसू आलं आणि लगेच रडूही. माणसांनी नापसंत केलं तर माणूस कारणं शोधतो, चार शब्द सुनावतो, रुसतो. डासांवर कसं रुसायचं?

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्या वयाने साखरताईच्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या आणि वाईट बातमी देताना बोटातली पेन्सिल फिरवत राहायच्या.

"ताई, शरीर बदलतं. वयाने, खाण्याने, कशानेही. तुम्ही काही औषध सुरू केलंय?"

"नाही."

"बरं. अजून दोन-तीन दिवस बघू. नाहीच बसले तर..." पेन्सिल फिरली. "तर मला दुसरा हात घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल. या तापाच्या दिवसांत मग हे तेल बाहेर पडत नाही."

"आणि मी?"

"खाली पानांकडे जागा आहेच. ती कुठे जात नाही."

खाली पानांकडे. साखरताईला पानांचं वावडं नव्हतं. खालच्या बायका चांगल्या होत्या, हसतखेळत काम चालायचं. पण वरच्या त्या खुर्चीवर बसून हात आत घातला की तिला वाटायचं, आपण गावातल्या सगळ्या दारांपुढे बसलोय आणि बघतोय की कुठली कडी टिकते. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलायची गोष्टच नव्हती ती. बोलून दाखवलं असतं तर नवऱ्याने म्हटलं असतं, "बापरे!"

मग तिने आपला हात डासांना आवडावा म्हणून धडपड सुरू केली. घाम आला की डास येतात, म्हणून जिना धावत चढली आणि वर पोचल्यावर मॅडमनी तिला आधी पाणी पाजून बसवलं. साखरेचा चहा दुप्पट प्यायली. नवऱ्याने सुचवलं, "आंघोळच करू नकोस." तेही करून पाहिलं; डास आले नाहीत, बसमध्ये शेजारची बाई मात्र उठून गेली.

संध्याकाळी ती दारात बसली असताना मानेवर बारीकशी टोचणी लागली. ती हलली नाही.

"अगं, डास बसलाय, मार ना!" नवरा म्हणाला.

"राहू दे. बसलाय तरी."

"अगं ए, तो रस्त्यावरचा आहे! ऑफिसातला नाही!"

तेवढ्यात सासूबाईंनी मागून येऊन पंच्याने असा फटका मारला की डासाबरोबर साखरताईचीही मान हलली.

"आज बसले का गं तिकडचे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन तिच्यासाठी दूध गरम करू लागल्या. कित्येक दिवसांनी त्या भांडी आपटत नव्हत्या.

साखरताई मान चोळत विचार करत राहिली. घरचे चावतात, ऑफिसचे चावत नाहीत. हात तोच, रक्त तेच. शरीर बदललं असेल तर सकाळी बदलतं आणि संध्याकाळी परत पहिल्यासारखं होतं की काय?

शुक्रवारी पैलवान साबणाची डबी घरी विसरला. "ताई, तुमचा घेऊ का?" म्हणाला, उत्तराची वाट न बघता कोपरापर्यंत फेस काढला, हात धुतला, आणि हात पिंजऱ्यात घालून नेहमीसारखा ऐटीत बसला.

पोरी उठल्या. आल्या. परतल्या.

पैलवानाचा चेहरा असा पडला की साखरताईला आपलं दुःख विसरून त्याचीच दया आली. "आता मलाही?" तो म्हणाला. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी आजारी पडल्या! मॅडम, पोरींना काहीतरी झालंय!"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "थांबा. कालपर्यंत पैलवान चालत होते. आज त्यांनी काय वेगळं केलं?"

सगळ्यांनी पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने विचार केला आणि टेबलावरची ओली, वाकडी वडी दोन बोटांत उचलून धरली.

मॅडमनी ती नाकाशी नेली, मामांनी नेली, साखरताईने नेली. कुणाला काही कळेना. त्या इमारतीत भिंतींनासुद्धा पानांच्या तेलाचा वास येतो आणि तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची नाकं त्या वासापुरती बंद झालेली असतात. शेवटी मॅडम स्वतः वडी घेऊन फाटकाबाहेर गेल्या. बाकीचे मागोमाग. फाटकाशी पेपर विकणारा बसतो, त्याच्या नाकापुढे त्यांनी ती धरली.

"कसला वास येतो?"

त्याने एकदा साबणाकडे, एकदा या चार शहाण्यांकडे पाहिलं. "तुमच्याच कंपनीचा की! नवीन साबण काढलाय का?"

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "हा साबण कुठला?"

साखरताईला उत्तर येत होतं. कानापर्यंत लाल होऊन ती म्हणाली, "घरचा."

बसमध्ये तिने सगळी वाक्यं मनात मांडून ठेवली. आठवड्याचे आकडे वाया गेले, मॅडमसमोर मान खाली गेली, पेपरवाला हसला, आणि हे सगळं कुणामुळे, तर घरच्या माणसामुळे. आज ती ऐकून घेणार नव्हती. अशी तणतणत ती घरात शिरली, तर सासूबाई मोरीत उकिडव्या बसून पाण्याची बादली घासत होत्या. सगळी भांडी, पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं उपडं करून ठेवलेलं. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, एवढं त्यांना वॉर्डात ऐकून ठाऊक होतं. त्या हे रोज करत असणार, कारण घासायला काही उरलंच नव्हतं.

मांडलेली वाक्यं विस्कटली. तरी तिने विचारलं.

"आई, साबणात काय घातलंत?"

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. नाकारलं नाही. "तेल."

"कसलं?"

"तुमच्याच बाटलीतलं. मी काय विष घालीन?"

"मी सांगितलं होतं ना, मला लावायचं नाही म्हणून!"

"अंगाला लावायचं नाही म्हणालीस. साबणाचं काही बोलली नव्हतीस."

"माझी खुर्ची जायची वेळ आली होती, आई! मी आठवडाभर रडतेय, तुम्ही बघताय, आणि दूध गरम करून देताय!"

"खुर्ची गेली तर दुसरी मिळते." सासूबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले. "तापातून उठलेली माणसं मी पाहिलीत आणि न उठलेलीही पाहिलीत. त्यांची अंथरुणं मीच बदलायची. मला नको सांगूस. रोज सकाळी तू बाहेर पडतेस आणि मला दिसतं, ही आता आपणहून डासांच्या तोंडात हात देणार."

साखरताई मोरीच्या उंबऱ्यावर बसली. सासूबाईंच्या तोंडून वॉर्डाचं एवढं बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"आई, ते डास मामांनी अंड्यापासून वाढवलेत. आजारी माणसाच्या जवळपासही गेलेले नाहीत ते कधी. आजारी माणसाला चावल्याशिवाय डास ताप आणत नाही. तिथे मला काही होत नाही. भीती आहे ती इथली. या दारातली, या गल्लीतली. आणि साबणाचा वास तासाभरात उडून जातो. म्हणजे तुम्ही माझी राखण केलीत ती बरोबर तिथे, जिथे गरज नव्हती. इथे संध्याकाळी मी आपली उघडीच."

सासूबाईंनी घासलेली बादली पुन्हा घासायला घेतली. आठवडाभर आपण भलत्याच दारावर पहारा दिला, हे त्यांच्या लक्षात येत होतं आणि ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मग इथे तुला कोण राखणार?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात नवरा कामावरून आला आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?" तो दारातच थबकला.

"तू रे," सासूबाई म्हणाल्या, "गावभर लोकांच्या खिडक्यांना जाळ्या ठोकतोस. आपल्या खिडक्यांचं काय म्हणाला होतास?"

"करायच्यात की. उद्या..."

"तुझा हा उद्या मी लग्न झाल्यापासून ऐकतेय," साखरताई म्हणाली.

त्याने हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवलीच नाही. तसाच जाऊन जाळीचं भेंडोळं घेऊन आला. अंधार पडेपर्यंत घरात ठोकाठोक चालली होती. सासूबाई खाली उभ्या राहून एकेक खिळा बघत होत्या आणि फट दिसली की बोट ठेवत होत्या. "इथून हत्ती येईल," त्या म्हणायच्या आणि तो निमूटपणे आणखी एक खिळा मारायचा. पलंगावर मच्छरदाणी चढली, तापाचे डास दिवसाही चावतात म्हणून ती आता दिवसाही सोडलेली राहणार होती.

सगळं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तरी मी येऊन बघणार आहे. तुझे ते सोवळ्यातले डास."

दुसऱ्या दिवशी साखरताईने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आणा की."

सोमवारी साखरताई कंपनीच्या लादीतून कापलेला कोरा साबण आणि सासूबाई, दोघांना घेऊन कामावर गेली. सासूबाई धुवट पातळ नेसून, मोठ्या डॉक्टरांची फेरी असावी तशा खोलीत शिरल्या. खिडक्यांच्या जाळ्या दाबून पाहिल्या. कोपरे पाहिले. टेबलाखाली वाकल्या आणि ओरडल्या, "हे काय! इथे पाणी साठवलंय! अळ्या झाल्यात!"

"आजी, त्या मुद्दाम केल्यात," मामा घाईघाईने म्हणाले. "त्यांचेच पुढे डास होतात."

"मुद्दाम?" सासूबाईंनी मामांकडे असं पाहिलं की मामांनी ट्रे पायाने आणखी आत सरकवला. मग मात्र त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अंडी कुठे ठेवतात, अळ्यांना काय खायला घालतात, पोरी वेगळ्या कशा काढतात, बाहेरचा एकही डास आत येऊ नये म्हणून दोन दारं कशी आहेत. सासूबाई प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होत्या.

"मी हात धरून बघू?" शेवटी त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना जाळीच्या बाहेरून पंजा धरायला सांगितलं. आतल्या पोरींनी जराशी हालचाल केली, एकदोघी जवळ आल्या, बाकीच्या बसून राहिल्या. मग साखरताईने तिथेच आपला पंजा धरला. सगळा पिंजरा जागा झाला. जाळीच्या त्या एका कोपऱ्यात काळा ठिपका दाट होत गेला.

सासूबाईंनी आपला सुरकुतलेला हात उलटसुलट करून पाहिला. "का? माझ्यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही आजी, वास वेगळा," मामा म्हणाले.

"इतकी वर्षं एकाच घरचं खातोय आम्ही!" त्या पुटपुटल्या. पैलवान तोंड फिरवून हसला.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि दोघींसमोर बसल्या. "आजी, गेल्या आठवड्याचे आकडे मी काढून टाकलेत. त्याआधीचे चांगले आहेत, पुढे चालू करता येईल. पण तुमची काळजी खोटी नाही. तापाच्या दिवसांत ताईंना घरी तेल लावता येत नाही, हे मी आधीच बघायला हवं होतं. त्यांना थांबायचं असेल तर थांबू दे. आजपासून तेल लावू दे. त्यांची खुर्ची मी कुणाला देणार नाही, ताप ओसरला की परत या. फक्त हे तेल या वर्षी होणार नाही, एवढंच."

साखरताईने ठरवलं होतं की आज आपण काही बोलायचं नाही. सासूबाई नाही म्हणाल्या तर नाही. एवढी भीती उरात घेऊन कुणी घरी बसायचं आणि आपण इथे ऐटीत बसायचं, हे तिला आता जमणार नव्हतं. तिने फक्त एकदा टेबलापुढच्या त्या खुर्चीकडे पाहिलं.

सासूबाईंनी ते पाहणं पाहिलं.

"हे तेल झालं," त्यांनी मॅडमना विचारलं, "तर समोरच्या शिवणवालीच्या पोरीला लावता येईल?"

"तेवढ्यासाठीच चाललंय. मोठ्या मुलीला येईल. अगदी तान्ह्यांना नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मग सुनेकडे वळून, घरात बाजाराला पाठवताना वापरायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मग बसलीस काय? धू हात. आणि नीट धू."

साखरताईने हात धुतला. पुसला. हातमोजा चढवून खुर्चीवर बसली आणि बाहीतून हात आत घातला. पोरी उठल्या, आल्या आणि या वेळी परतल्या नाहीत. एक बसली, दुसरी बसली, मग मोजता येईना. मामांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. मॅडमनी मान हलवली.

सासूबाई मात्र बघत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून तोंड भिंतीकडे केलं होतं आणि सुनेचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. वॉर्डात इंजेक्शन घेताना घाबरणाऱ्या माणसाचा धरायच्या तसा.

"झालं का?"

"उडवल्या, आई. चावल्या नाहीत. आता तेल."

मॅडमनी हातावर तेल पसरलं, वेळ लिहिली. हात पुन्हा आत गेला. पोरी हाताशी आल्या, घोटाळल्या आणि दूर झाल्या. सासूबाईंनी मान वळवून एक डोळा उघडून पाहिलं, मग दुसरा.

"हे असं किती वेळ करायचं?"

"पहिली चावेपर्यंत."

"म्हणजे संध्याकाळ होईल."

"झाली तर बरंच आहे, आई."

सासूबाईंनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, मामांचं स्टूल पायानेच पुढे ओढलं आणि सुनेचा हात न सोडता तिच्या शेजारी बसल्या.